इतवारीत फोन तापला

मे महिन्यातली दुपार, पारा 45 च्या पुढे. स्कूटीच्या हँडलला अडकवून वाट दाखवणाऱ्या फोनने नागपूरच्या इतवारीत शहीद चौकाच्या जरा पुढे मान टाकली. आधी स्क्रीन अंधुक झाली, मग फोन थंड होऊ देण्याची सूचना आली, मग काळोख. त्याचा तरी काय दोष? बहुतेक फोन 0 ते 35 अंशांची हवा गृहीत धरून बनवतात. त्यापुढची उष्णता लिथियम-आयन बॅटरीला मानवत नाही, म्हणून आतल्या सेन्सरने इशारा दिला की फोन तिला वाचवायला एकेक काम बंद करत जातो. नागपूरचा उन्हाळा त्या हिशेबात धरलेलाच नाही.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या मसाल्याच्या दुकानात निघालो होतो, तिथे मी आधी सहा-सात वेळा जाऊन आलो होतो. तरी डावीकडे वळायचं की उजवीकडे, काही म्हणजे काही आठवेना. शेवटी रसवंतीवाल्याला विचारलं.

"कुठी जाऊन राहिले भाऊ? ते मारुतीचं देऊळ सोडा, मंग तांब्याच्या भांड्याची दुकानं लागतीन, तिथून आत."

ही वाट मात्र एकदाच ऐकून डोक्यात बसली.

आपल्या मेंदूत, कानांच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओ'कीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठरावीक जागी आला की सक्रिय होतात. म्हणजे मेंदू जागेचा नकाशाच मांडत असतो. या शोधाला 2014 मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. 2000 साली संशोधक एलेनॉर मॅग्वायर यांना या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. तो जन्मतःच मोठा असेल, अशी शंका कुणालाही येईल. म्हणून पुढे नव्या उमेदवारांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, आणि जे परीक्षा पास झाले त्यांच्यातच ही वाढ दिसली.

माझ्या फजितीचं उत्तर मात्र 2017 च्या एका प्रयोगात आहे. लंडनच्या सोहो भागातल्या गल्ल्यांमधून 24 जणांना स्क्रीनवर फिरवलं आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. स्वतः वाट शोधताना नवी गल्ली लागली की हिप्पोकॅम्पसमध्ये हालचाल वाढायची. जितके फाटे जास्त, तितकी जास्त. नुसत्या सूचनांप्रमाणे जाताना ती वाढ दिसलीच नाही. पुढच्या फाट्यांचा विचारच करायचा नसेल, तर मेंदू तो कशाला करेल? मी सहा वेळा दुकानात गेलो खरा, पण वळणं फोनने ठरवली. मी फक्त ॲक्सिलरेटर पिळला.

2020 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनीही जीपीएसचा जास्त वापर आणि कमजोर स्थानस्मृती (जागा-रस्ते लक्षात ठेवण्याची ताकद) यांचा संबंध दाखवला. तीन वर्षांनी अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी फक्त 13 जणांना पुन्हा तपासता आलं. ज्यांनी मधल्या काळात जीपीएस जास्त वापरलं होतं, त्यांची घसरणही जास्त होती. पण 13 माणसांवरून मी तरी कुणाला घाबरवणार नाही. फोन हिप्पोकॅम्पस कुरतडतो वगैरे व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याला यात काही आधार नाही.

आणि हे सगळं कुठे, तर झिरो माईलच्या गावात! सीताबर्डीजवळचा तो चार घोड्यांचा स्तंभ, दगडावर मैलांतली अंतरं कोरलेली. मोजणीच्या साखळ्या ओढत आणि थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र खांद्यावर वाहत देश मोजणाऱ्या सर्वेक्षणाची ती खूण, आणि तिच्या सावलीत आम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलसाठीही नकाशा उघडतो.

पुढच्या खेपेला निघण्याआधी घरीच नकाशा पाहिला आणि फोन डिक्कीत टाकला. एक वळण चुकलं, थेट गांधीबागेत निघालो. विचारत विचारत परत फिरलो, तर तांब्याच्या भांड्यांची ओळ या वेळी उलट्या बाजूने लागली, आणि तिच्या टोकाशी मारुतीचं देऊळ. दुकान दोन्हींच्या मधल्या गल्लीत होतं.