चांदीच्या नाण्यांचे संग्रहमूल्य

चांदीच्या नाण्याला त्यातल्या धातूच्या भावाहून जी जास्तीची किंमत संग्राहक मोजतात, ती म्हणजे त्याचे संग्रहमूल्य. पुण्यात एकाच नाण्याकडे दोन नजरांनी पाहिले जाते. लक्ष्मी रस्त्यावरचा किंवा रविवार पेठेतला सराफ ते काट्यावर ठेवतो, टंच म्हणजे शुद्धता पाहतो, मोडीचा भाव सांगतो. संग्राहक तेच नाणे भिंगाखाली धरून साल, टाकसाळीची खूण आणि कडा तपासतो. पहिल्या किमतीखाली नाणे सहसा जात नाही, दुसरीला मात्र वरची मर्यादा नाही.

धातूचा हिशोब सोपा आहे. ब्रिटिश काळातला रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे जुन्या मापाने बरोबर एक तोळ्याचा, आणि 91.7 टक्के चांदीचा होता. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. गुंतवणुकीसाठी पाडली जाणारी आजची परदेशी नाणी साधारणपणे एका ट्रॉय औंसाची (31.1 ग्रॅम) असतात : अमेरिकेचे ईगल 1986 पासून, कॅनडाचे मॅपल लीफ 1988 पासून, ऑस्ट्रियाचे फिलहार्मोनिक 2008 पासून. ती चांदीच्या भावावर थोडी रक्कम चढवून विकली जातात आणि पुष्कळदा तेवढ्यावरच राहतात. किंमत उडी घेते ती पुरवठा आटल्यावर. 1995 साली अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट टाकसाळीत पाडलेले खास चकाकीचे ईगल फक्त 30,125 निघाले, तेही सोन्याच्या नाण्यांचा संच घेणाऱ्यांनाच मिळाले. त्याच मालिकेतले साधे ईगल ज्या साली सर्वांत कमी निघाले, त्या 1996 सालीसुद्धा ते 36 लाखांवर होते. चांदी दोन्हींत एक औंसच, पण किमतींत जमीन-अस्मानाचा फरक.

जुने म्हणजे मौल्यवान, हा समज पुण्यातल्या घराघरांत आढळतो आणि तो चुकीचा आहे. राणी छाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या रुपयावर 1862 दिसले की लोक हरखतात. प्रत्यक्षात ते साल 1874 पर्यंत पाडलेल्या रुपयांवर तसेच ठेवले होते, त्यामुळे ही नाणी विपुल आहेत. मुंबई टाकसाळीच्या काही रुपयांवरील ठिपक्यांवरून त्यांचे खरे साल ओळखतात, आणि संग्राहकाची किंमत त्या ठिपक्यांवर ठरते. 1918 चा रुपयाही असाच मुबलक. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेने पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी इकडे येऊन तिचे रुपये झाले. एकाच भट्टीने तिकडचे डॉलर कमी केले आणि इकडचे रुपये वाढवले.

उलट 1911 च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली. छाप बदलला, बरीचशी नाणी वितळवली गेली आणि उरलेल्यांना भाव आला. 1939 च्या रुपयाला तर इतकी मागणी आहे की त्याच्या नकलाही खूप फिरतात. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात असे नाणे समोर आले तर वजन आणि व्यास मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुर्मीळतेइतकेच वजन अवस्थेला आहे, आणि नुकसान सर्वाधिक इथेच होते. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात मांडलेला रुपया चिंच, लिंबू किंवा भांड्यांच्या पावडरीने घासून लख्ख करण्याची आपल्याकडे रीत आहे. श्रद्धा समजण्यासारखी आहे. पण घासताना टाकसाळीतून आलेली मूळ झळाळी निघून जाते, बारीक ओरखडे उमटतात आणि ते परत भरून येत नाहीत. अनेक वर्षांत चढलेला काळपट-निळसर थर संग्राहकाला हवा असतो. घासलेले नाणे तो बाजूला ठेवतो. गळ्यात घालायला कडी जोडलेल्या रुपयाची किंमत बहुधा मोडीचीच. अवस्था मोजायला 1 ते 70 गुणांची शेल्डन श्रेणी वापरतात. वरच्या श्रेणीत एका गुणाच्या फरकाने किंमत दुप्पट होऊ शकते. मॅपल लीफवर आपोआप उमटणारे दुधाळ डागही गुण खाली आणतात.

तिसरी गोष्ट स्थानिक ओढीची. पेशवाईत पुण्यात पाडलेला, अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया पुणेकर संग्राहकाला जितका जवळचा, तितका परक्याला असेलच असे नाही. सराफांकडच्या लक्ष्मी-गणपतीच्या नाण्यांना मात्र सहसा असे मूल्य चढत नाही. ती सरकारी चलन नाहीत, आणि किती पाडली याची नोंद बहुधा मिळत नाही.

चांदी महागली की धातू आणि संग्रह यांच्या किमतींतले अंतर कमी होते. 2025 साली चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या बराच वर गेला. असा भाव आला की सामान्य रुपये मोडीत जातात. त्यातून पुढच्या पिढीची दुर्मीळता नकळत घडते, जरी कोणत्या सालाची नाणी वाचली ते भट्टीजवळ कोणी लिहून ठेवत नाही. बाजार किती मोठा, हेही कायदा ठरवतो. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू असून खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. 1918 चा रुपया आता त्या व्याख्येत आला आहे. त्यामुळे लंडनच्या लिलावातील आकडा पाहून पुण्यातल्या रुपयाची किंमत सांगता येत नाही. ती इथले संग्राहकच ठरवतात.