गेस्ट नियंत्रण रजिस्टरांचे सुरक्षित वाचन

हायपरवायजर म्हणजे आभासी मशीन चालवणारे सॉफ्टवेअर. त्याच्याखाली चालणाऱ्या मशीनची, म्हणजे गेस्टची, सीआर०, सीआर३, सीआर४ ही नियंत्रण रजिस्टरे (प्रोसेसरचा मोड आणि पेजिंग ठरवणारी) होस्टच्या, म्हणजे खऱ्या यंत्राच्या, बाजूने वाचण्याची ही पद्धत. वाचलेली किंमत ताजी हवी, नेमक्या त्याच आभासी प्रोसेसरची हवी आणि गेस्टला स्वतःला दिसते तीच हवी. यातली एखादी अट सुटली तर बहुतेक वेळा चूक-कोडही येत नाही. शांतपणे भलतीच किंमत हाती पडते. ही नोंद एक्स८६ प्रोसेसर आणि लिनक्समधील केव्हीएम हे हायपरवायजर यांच्यापुरती आहे. केव्हीएम लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत, २००७ साली आले.

सीआर० मध्ये संरक्षित मोडचा पीई बिट (क्रमांक ०) आणि पेजिंगचा, म्हणजे आभासी पत्त्यांचे भौतिक पत्त्यांत रूपांतर करण्याचा, पीजी बिट (क्रमांक ३१) असतो. सीआर३ मध्ये पेज टेबलाचा पत्ता, तर सीआर४ मध्ये पीएई, पीजीई, एसएमईपी यांसारखे सुविधांचे बिट असतात. पेज फॉल्टचा पत्ता ठेवणारे सीआर२ इंटेलच्या व्हीएमसीएसमध्ये (आभासी प्रोसेसरची स्थिती ठेवणारी रचना) नसतेच. ते हायपरवायजरला एक्झिटनंतर, म्हणजे गेस्टकडून ताबा परत आल्यावर, स्वतः जपून ठेवावे लागते.

मास्क आणि छाया

इंटेलच्या व्हीटी-एक्समध्ये (आभासी मशीनसाठीची हार्डवेअर सुविधा) सीआर० आणि सीआर४ यांच्यासाठी व्हीएमसीएसमध्ये प्रत्येकी तीन क्षेत्रे असतात. सीआर४ चे प्रत्यक्ष क्षेत्र हेक्स ६८०४, मास्क ६००२ आणि वाचन-छाया ६००६. मास्कमधला बिट १ असेल तर तो बिट होस्टच्या मालकीचा. गेस्टने रजिस्टर वाचले की त्या जागी छायेतला बिट मिळतो. मास्क ० असेल तिथे प्रत्यक्ष बिट मिळतो. सीआर० किंवा सीआर४ नुसते वाचल्याने व्हीएम-एक्झिट होत नाही, ही जुळवणी हार्डवेअरच करते. होस्टला मात्र तीच जुळवणी हाताने करावी लागते: प्रत्यक्ष किमतीतून मास्कचे बिट काढून टाकायचे आणि तिथे छायेचे बिट बसवायचे.

एक उदाहरण पुरते बोलके आहे. ३२ बिटांच्या गेस्टने सीआर४ मध्ये हेक्स ६९० लिहिले, म्हणजे पीएसई, पीजीई आणि एसएसईचे दोन बिट. व्हीएमएक्स (व्हीटी-एक्सचा मोड) चालू असताना हार्डवेअरला व्हीएमएक्सई हा १३ वा बिट १ लागतोच, म्हणून प्रत्यक्ष क्षेत्रात २६९० आणि छायेत ६९०. समजा मास्कमधून फक्त पीजीई मोकळा सोडला आहे. आता टीएलबी (पत्त्यांच्या रूपांतरांचा जलद साठा) साफ करण्यासाठी गेस्टने पीजीई ० केला. एक्झिट झालीच नाही. प्रत्यक्ष क्षेत्र २६१० झाले, छाया ६९० वरच राहिली. गेस्टला दिसते ६१०. म्हणजे दोन्ही क्षेत्रांतली किंमत जशीच्या तशी उचलली तर दोन्ही चूक. हा घोटाळा अनेकदा महिनोन्महिने लपून राहतो, कारण बहुतेक वेळा छाया आणि गेस्टची किंमत सारखीच असते.

सीआर३ ला मास्क नाही, पण तिथे वेगळाच सापळा आहे. ईपीटी (गेस्टच्या पत्त्यांसाठी हार्डवेअरचे वेगळे पेज टेबल) नसलेल्या जुन्या प्रोसेसरवर, म्हणजे शॅडो पेजिंगमध्ये, सीआर३ क्षेत्रात हायपरवायजरच्या स्वतःच्या टेबलाचा पत्ता असतो. म्हणून सीआर३ लिहिण्यावर एक्झिट लावलेली असताना केव्हीएम ते क्षेत्र वाचत नाही, आपल्याकडे जपलेली गेस्टची किंमत देते.

वाचन कुठे आणि केव्हा

व्हीएमरीड ही सूचना सध्याच्या भौतिक कोअरवर लोड असलेल्या व्हीएमसीएसवरच चालते. काहीच लोड नसेल तर कॅरी फ्लॅग १ होतो, निदान चूक कळते. दुसऱ्याच गेस्टचे व्हीएमसीएस लोड असेल तर त्याची किंमत बिनबोभाट मिळते. म्हणून आधी व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) लोड करायचा, वाचन संपेपर्यंत तो दुसऱ्या कोअरवर जाणार नाही किंवा गेलाच तर परतताना व्हीएमसीएस पुन्हा लोड होईल याची तजवीज ठेवायची. व्हीएमसीएसची मेमरी पॉइंटर लावून थेट वाचणे तर नकोच: तिची रचना प्रोसेसरगणिक वेगळी असते आणि ताजा मजकूर चिपच्या आतच असू शकतो. एएमडीचे व्हीएमसीबी, म्हणजे त्यांच्याकडची व्हीएमसीएससारखी रचना, साध्या मेमरीत, जाहीर रचनेत असते (सेव्ह-भागात १४८, १५० आणि १५८ या हेक्स अंतरांवर अनुक्रमे सीआर४, सीआर३, सीआर०). पण गेस्ट चालू असताना तेही शिळेच.

व्हीएमरीडचा खर्च वाचवण्यासाठी केव्हीएम रजिस्टरांची कॅश (आधी वाचलेल्या किमतींचा साठा) ठेवते आणि एक्झिट झाल्यावर तिच्यावरची ‘उपलब्ध’ ही खूण काढते. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात पाटीवर कालचा भाव राहिला म्हणून आजची संत्री त्या भावाने जात नाहीत; खूण न तपासता कॅशमधून उचललेल्या किमतीचे तेच होते. याहून वाईट म्हणजे इंटरप्ट हँडलरमधून वाचन. व्हीएमसीएस अर्धवट बदललेले असताना हँडलरने कॅश भरली तर शिळ्या किमतीवर ताजेपणाची खूण बसते.

बाहेरून वाचायचे तर मार्ग केव्हीएम-गेट-एसरेग्ज या आयओसीटीएलचा (प्रोग्रामने कर्नलला केलेली विनंती). तो व्हीसीपीयूचे म्युटेक्स (कुलूप) घेतो आणि केव्हीएम-रन, म्हणजे गेस्ट चालवणारी विनंती, चालू असेपर्यंत थांबून राहतो. अडकल्यासारखे वाटले तर आधी त्या थ्रेडला सिग्नल पाठवून रनमधून बाहेर काढावे. पेज टेबल पातळीपातळीने वाचत जायचे असेल तर एक व्हीसीपीयू थांबवून भागत नाही, सगळेच थांबवावे, नाहीतर वाचता वाचता दुसरा व्हीसीपीयू टेबल बदलतो. ६४ बिटांच्या गेस्टच्या सीआर३ मधून पत्ता काढताना फक्त १२ ते ५१ हे बिट घ्यावेत. खालच्या १२ बिटांत पीसीआयडी (पत्ता-जागेचा ओळख-क्रमांक) असू शकतो. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषानंतरच्या लिनक्स गेस्टमध्ये पेज-टेबल-आयसोलेशन (यूजर आणि कर्नल यांची वेगळी टेबले) चालू असेल तर यूजर मोडमध्ये थांबलेल्या व्हीसीपीयूचा सीआर३ दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि कर्नलचे बहुतेक पत्ते त्यात सापडत नाहीत. टेबल किती पातळ्यांचे, हे सीआर० चा पीजी, सीआर४ चे पीएई व एलए५७ (पाच पातळ्यांचा बिट) आणि ईएफईआर (६४ बिटांचा मोड दाखवणारे रजिस्टर) पाहिल्याशिवाय ठरवू नये.

नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमध्ये, म्हणजे गेस्टच्या आत गेस्ट असताना, आतल्या गेस्टचा सीआर४ काढायला मधल्या हायपरवायजरने लिहिलेले मास्क आणि छाया वापरावे लागतात, होस्टचे नव्हे. एएमडीच्या एसईव्ही-ईएस या संरक्षण-सुविधेखालच्या गेस्टची रजिस्टरे एन्क्रिप्ट केलेली असतात, ती होस्टला वाचताच येत नाहीत. सीआर० आणि सीआर४ ची नवी किंमत लिहून झाल्यानंतरच्या ट्रॅपमधून कळते. अशा गेस्टसाठी एसरेग्जमध्ये सीआर३ शून्य दिसले तर पेजिंग बंद आहे असा अर्थ लावू नये.

प्रात्यक्षिक

नागपुरात व्हीएनआयटी किंवा आयआयआयटीतल्या विद्यार्थ्याला यासाठी सर्व्हर लागत नाही, लिनक्स असलेला लॅपटॉप पुरतो. सीपीयूइन्फो फाइलमध्ये व्हीएमएक्स (इंटेल) किंवा एसव्हीएम (एएमडी) हा फ्लॅग शोधावा. फ्लॅग दिसत नसेल किंवा केव्हीएमची डिव्हाइस फाइल नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते पाहावे. क्यूईएमयू या केव्हीएम वापरून आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या मॉनिटरमध्ये ‘स्टॉप’ देऊन ‘इन्फो रजिस्टर्स’ मागवावे आणि तीच किंमत गेस्टमध्ये छोट्या कर्नल मॉड्यूलने छापून ताडावी. सीआर० आणि सीआर४ साधारणपणे जुळतात. सीआर३ प्रोसेसगणिक बदलतो, तेव्हा तो जुळला नाही म्हणून लगेच केव्हीएमला दोष देऊ नये.