कापसाच्या मुलखातला सॅनिटरी पॅड लाकडाचा कसा?

पऱ्हाटीवरून नुकताच वेचलेला कापूस घ्या, सरकी काढा आणि बोळा लोटाभर पाण्यात टाका. तो तरंगतो. बोटानं दाबला तर खाली जातो, सोडला की परत वर. पिळून पाहिलात तर आतून बहुतेक कोरडाच असतो. आता मेडिकलमधून आणलेल्या कापसाच्या गुंडाळीतला तेवढाच बोळा टाका. तो बघता बघता तळाशी जातो. औषधकोशातली कसोटीच अशी आहे की जखमेसाठीचा कापूस १० सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे आणि १ ग्रॅम कापसानं किमान २३ ग्रॅम पाणी धरलं पाहिजे.

दोन्ही बोळे एकाच झाडाचे. दोन्हींत ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज, म्हणजे झाडांचे तंतू ज्याचे बनतात तो पदार्थ, आणि सेल्युलोजला तर पाण्याची मोठी ओढ. मग पहिला बोळा बुडत का नाही? कारण कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. वजनात तो जेमतेम अर्धा ते एक टक्का भरतो, पण पाण्याला दाराशीच अडवतो. बोंड फुटल्यावर अवकाळी पावसाची सर आली तरी तंतू आतून लगेच भिजत नाही, तो या मेणामुळे. हेच मेण तेलाला मात्र अडवत नाही. म्हणून देवघरातल्या घरच्या कापसाच्या वाती तेल झटकन ओढतात.

हे मेण घालवण्यासाठी कापूस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रसायनानं पांढरा करतात आणि भरपूर पाण्यानं धुतात. १८७०च्या दशकात जर्मनीत हा शोषक कापूस कारखान्यात तयार होऊ लागला. १८८० साली बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक सॅम्पसन गॅमजी यांनी त्याचा जाड थर दोन जाळीदार कापडांमध्ये घालून जखमेचं पॅड केलं. आजचं ड्रेसिंग त्याच वळणाचं आहे.

यवतमाळकडच्या एका गावात बचतगटाच्या बैठकीत आशाताई सॅनिटरी पॅडची पाकिटं वाटत होत्या. एका बाईनं पाकीट उलटंसुलटं करून विचारलं, "हे आपल्याच कापसाचं असन नं, ताई?" प्रश्न अगदी रास्त होता. चारी बाजूंना कापूस, तालुक्याला जिनिंग, रस्त्यावर गठाणींचे ट्रक. पण बाजारातला नेहमीचा पॅड उकलून पाहिला तर त्यात कापूस बहुधा नसतोच. वरचा मऊ पदर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या तंतूंचा किंवा छिद्रं पाडलेल्या प्लास्टिकचा, मधला पांढरा लगदा पाइनच्या लाकडाचा, त्यात मिठासारखे दाणे, आणि खाली पुन्हा प्लास्टिक. पाकिटावर 'कापसासारखा मऊ' असं छापलेलं असतं. त्यातला 'सारखा' नीट वाचावा.

लाकूड आलं ते पहिल्या महायुद्धात. मलमपट्टीला कापूस कमी पडू लागला, तेव्हा किंबर्ली-क्लार्क या अमेरिकी कागद कंपनीनं लाकडाच्या लगद्यापासून शोषक पत्रे बनवले. ते कापसापेक्षा स्वस्त होते. युद्धभूमीवरच्या परिचारिकांनी ते मासिक पाळीसाठी वापरायला सुरुवात केली. कंपनीच्या हे लक्षात आलं आणि १९२० मध्ये 'कोटेक्स' हा पॅड बाजारात आला. म्हणजे हा वापर मुळात बायकांनी शोधला, कंपनीनं तो विकायला काढला.

लाकूड आणि कापूस रसायनाच्या दृष्टीनं जवळचे नातेवाईक. लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना चिकटवून ठेवणारा पदार्थ, काढलं की उरतं ते मुख्यतः सेल्युलोजच. फरक तंतूच्या लांबीत. लाकडाचे तंतू दोन-तीन मिलिमीटरचे, त्यामुळे यंत्रात पिंजून हवेच्या झोतानं त्यांचा सारखा थर बसवता येतो. कापसाचा तंतू त्याच्या दहापट लांब. त्याच यंत्रात तो गुंतून बसतो. कापूस मागे पडला त्यात शोषणाइतकाच यंत्राचा हात आहे, असं मला वाटतं.

शोषणाचाही प्रश्न आहेच, आणि तो दाबाखाली उघडा पडतो. कापूस पाणी धरतो ते मुख्यतः तंतूंमधल्या फटींत. बाई बसली, वाकली, निंदायला उकिडवी झाली की फटी दाबल्या जातात आणि धरलेलं बरंचसं बाहेर येतं. पॅडसाठीच्या १९८०च्या भारतीय मानकातली चाचणी यासाठीच होती. पॅडच्या मधोमध मिनिटाला १५ मिलिलिटर या गतीनं ३० मिलिलिटर द्रव सोडायचा. द्रव म्हणून रंगीत पाणी चाले, नाहीतर गोठू न दिलेलं मेंढीचं किंवा बकरीचं रक्त. मग वर वजन ठेवूनही खालून किंवा कडेनं डाग दिसता कामा नये. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, हे लक्षात घेतलं की चाचणीतलं ३० मिलिलिटर किती आहे ते कळेल. ८० मिलिलिटरच्या वर रक्तस्राव गेला तर तो जास्त मानतात. अशा वेळी पॅडचा आकार बदलण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

या दाबावर दोन उपाय निघाले आणि दोन्ही पेटंटमध्ये नोंदले गेले. पहिला छिद्राच्या आकाराचा. १९७५ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. त्यातल्या प्लास्टिकच्या पदराला वर रुंद आणि खाली अरुंद अशी छिद्रं होती. द्रव रुंद तोंडातून आत शिरतो, अरुंद टोक खालच्या लगद्याला टेकलेलं असतं, लगदा तो ओढून घेतो. उलट येणं त्याला अवघड. प्लास्टिक स्वतः भिजत नाही, म्हणून अंगाला लागणारी बाजू कोरडी राहते. कापसाचा पदर कितीही मऊ असला तरी तो ओलाच राहणार.

दुसरा उपाय म्हणजे ते दाणे. त्यांची हकिकत आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला जवळची वाटेल. अमेरिकेच्या कृषी खात्याची इलिनॉयमधल्या पिओरिया गावी एक प्रयोगशाळा आहे. मातीत पाणी जास्त दिवस कसं टिकवता येईल, हा तिथल्या संशोधनाचा एक विषय होता. मक्याच्या स्टार्चला अॅक्रिलोनायट्राइल या रसायनाच्या साखळ्या जोडून तिथल्या रसायनतज्ज्ञांनी एक पदार्थ केला. तो स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी पिऊन जेलीसारखा व्हायचा. १९७०च्या दशकात त्याची पेटंटं झाली, अनेक कंपन्यांनी परवाने घेतले. शेतासाठी शोधलेली कल्पना अशी डायपर आणि पॅडमध्ये पोचली. आज पॅडमध्ये असतं ते सोडियम पॉलिअॅक्रिलेट, स्टार्चशिवाय, खनिज तेलापासून बनलेलं. शेताकडे ही कल्पना परतलीही आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा हायड्रोजेल' हे सेल्युलोजवर आधारलेलं जेल कोरडवाहू पिकांच्या मुळांशी ओल धरण्यासाठीच आहे.

दाणा फुगतो कसा? त्याच्या लांब साखळ्यांवर ऋण भार असतात आणि त्यांना सोडियमचे आयन, म्हणजे धन भार असलेले अणू, चिकटलेले असतात. पाणी लागलं की हे आयन सुटे होतात. साखळ्या एकमेकींना दूर लोटतात, आतली खाऱ्याची दाटी बाहेरचं पाणी खेचते. साखळ्या अधूनमधून एकमेकींना बांधलेल्या असल्यानं दाणा विरघळत नाही, भिजलेल्या साबुदाण्यासारखा टम्म होतो. आणि दाबला तरी पाणी सोडत नाही. कापसाच्या फटींना हे जमत नाही.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. नवा डायपर कापून कागदावर झटका, दाणे वेगळे होतील. भुकटी नाकात जाऊ देऊ नका, हे मुलांकडून करून घेऊ नका. चमचाभर दाण्यांवर पेलाभर पाणी ओतलं की घट्ट जेल होतं. त्यावर मीठ टाकून ढवळा. जेल ढासळतं, पाणी सुटतं. बाहेर खारेपणा वाढला की आतली ओढ कमी होते. रक्तही खारं असतं, शिवाय त्यातल्या पेशी आणि प्रथिनं दाण्याभोवती थर धरतात. म्हणून जाहिरातीतल्या निळ्या पाण्यावर दिसणारी कमाल रक्तावर तेवढी दिसत नाही.

पेटंट घेतलं म्हणजे पैसा आला असं नाही. चिकटपट्टीचे पॅड येण्याआधी पॅड कमरेच्या पट्ट्याला अडकवावा लागे. तसा सुधारित पट्टा मेरी केनर या कृष्णवर्णीय अमेरिकी बाईनं केला आणि १९५६ मध्ये तिला पेटंट मिळालं. एका कंपनीनं त्यात रस दाखवला, पण बाई कृष्णवर्णीय आहे हे कळताच तो आटला. पुढे चिकटपट्टी आली आणि पट्टाच गेला. कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांची वाट वेगळी. त्यांनी पहिले पॅड कापसाचेच केले होते आणि ते फसले. कंपन्यांच्या पॅडमध्ये लाकडाचं सेल्युलोज असतं हे कळायला त्यांना मोठा काळ लागला. मग त्यांनी लगदा पिंजून दाबणारं छोटं, स्वस्त यंत्र बनवलं, त्याचं पेटंट घेतलं आणि ते मोठ्या कंपन्यांना न देता बचतगटांना विकलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे पेटंट हा शब्द शेतकऱ्याच्या कानावर पडला तो बियाण्यामुळे. बोलगार्ड-२ या बीटी कापसाच्या पेटंटचा वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यामुळे पेटंट म्हणजे कुलूप, अशी समजूत पक्की झाली आहे. पण कुलपाला मुदत असते. भारतात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. शिवाय शोध कसा करायचा ते अर्जात नीट उलगडून सांगावं लागतं, आणि तो कागद सगळ्यांना खुला असतो. वर आलेली रुंद-अरुंद छिद्रं, स्टार्चचे दाणे, केनरबाईंचा पट्टा, सगळं आता कुणीही वापरावं. नागपुरात १९८० पासून पेटंट माहिती प्रणालीचं सरकारी केंद्र आहे, या कागदांचा शोध घेण्यासाठीच.

जुन्या लुगड्याच्या घडीला मात्र कुणी पेटंट दिलं नाही, आणि विज्ञान तिच्या बाजूचं आहे. नवं कापड पाणी घेत नाही, कारण त्यावर विणताना लावलेली खळ असते. शेकडो धुण्यांत ती जाते, सूत मऊ पडतं, कापड शोषक होतं. अडचण कापडात नाही, वाळवण्यात आहे. लाजेखातर ते अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळतं आणि दमट राहतं. उन्हात खडखडीत वाळलेलं स्वच्छ कापड आजही चालतं. महाराष्ट्र सरकारच्या अस्मिता योजनेत २०१८ पासून जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड मिळू लागले. त्याचा फायदा झालाच. पण वापरलेला पॅड टाकायचा कुठे, हे पाकिटावर लिहून भागत नाही. गावात कचरागाडी नाही. पॅड नाल्यात जातो, उकिरड्यावर जातो, नाहीतर चुलीत, आणि त्यातलं प्लास्टिक कुजत नाही.

मग विदर्भाच्या कापसाचा पॅड होईल का? पूर्वी इथे होणारा देशी कापूस आखूड आणि जाड तंतूचा. असा तंतू भिजल्यावर लवकर चपटा होत नाही, फटी उघड्या राहतात. म्हणून जखमेच्या कापसासाठी तो चांगला मानला जातो. सुताच्या गिरण्यांना लांब आणि बारीक तंतू हवा असतो, त्यामुळे संकरित बीटीच्या लाटेत देशी वाण बांधावर गेले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं देशी वाणांवर बरंच काम केलेलं आहे. पेटंटची अडचण इथे जवळपास नाहीच, कारण मेण काढण्याची कृती दीडशे वर्षं जुनी आहे. अडचण आहे ती पाण्याची. कापूस कॉस्टिकमध्ये उकळून धुवायला पाणी भरपूर लागतं, आणि धुऊन निघालेलं क्षारयुक्त सांडपाणी निर्मळ केल्याशिवाय सोडता येत नाही. एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात असा कारखाना काढायचा तर पहिला खर्च यंत्राचा नाही, त्या पाण्याचा मांडावा लागेल.