लुप्त ग्रामीण धावपट्टी

गावाबाहेर विमाने उतरवण्यासाठी राखलेली, बहुधा गवताची जागा. वापर थांबल्यावर ती पुन्हा शेतीत किंवा वस्तीत मिसळून जाते.

1920 च्या दशकातील हलक्या विमानांना शेपटीखाली टेकू असे आणि अनेकांना ब्रेक नसत. आडव्या वाऱ्यात ती भरकटत. म्हणून कोणत्याही दिशेने, वाऱ्याकडे तोंड करून उतरता येईल असे चौकोनी किंवा गोलसर मैदान निवडत. एक कापडी वातदर्शक आणि पत्र्याची शेड एवढ्यावर काम भागे. पुढे विमाने जड झाली, पक्क्या धावपट्ट्या आल्या आणि ही मैदाने मागे पडली.

गवत राखणे हे यातले खरे काम. ब्रिटिश विमानवाहतूक प्राधिकरणाच्या मार्गदर्शनानुसार कोरड्या गवतावर उतरायला पक्क्या पट्टीपेक्षा सुमारे 15 टक्के, तर ओल्या गवतावर 35 टक्के जास्त अंतर लागते. अगदी बारीक कापलेले ओले गवत त्याहून वाईट: चाक घसरते आणि वाढ 60 टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर उंचीमागे पट्टीची लांबी सुमारे 7 टक्के वाढवावी लागते. चर बुजले की पाणी साचते, चाक रुतते, विमान नाकावर येते आणि पंखा जमिनीला लागतो.

तरीही पट्टी बऱ्याचदा मरते ती टोकांपलीकडच्या झाडांमुळे, आणि याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. लहान पट्टीसाठी उतरण्याचा मार्ग टोकापासून 30 मीटरवर सुरू होऊन 1:20 उताराने, म्हणजे दर 20 मीटरला 1 मीटर चढत, मोकळा हवा. म्हणजे 15 मीटर उंचीचे झाड 330 मीटरच्या आत चालत नाही. झाड शेजाऱ्याच्या बांधावर असेल तर तोडता येत नाही. मग उतरण्याची खूण आत सरकवावी लागते आणि उपयोगी लांबी घटते. विजेच्या तारांचेही तेच.

निव्वळ गवती पट्टी एका नांगरटीत पुसली जाते. काँक्रीट असेल तर वर माती टाकली तरी ती पातळ राहते. अवर्षणात तिथले पीक आधी पिवळे पडते आणि हवाई छायाचित्रात सरळ पट्टा उमटतो. दुसऱ्या महायुद्धात अंथरलेले छिद्रांचे पोलादी पत्रे, प्रत्येकी सुमारे 3 मीटर लांब आणि 30 किलो वजनाचे, नंतर शेतांच्या कुंपणाला लागले. शोध घेताना फक्त नकाशावर विसंबू नये: ब्रिटनच्या युद्धोत्तर नकाशांत अनेक विमानतळ गुप्ततेपायी वगळलेले आहेत.