अध्यक्षनिवड, व्यावसायिक फुटबॉल क्लबची (गोवा)

फुटबॉल क्लबच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याची निवडणूक, नेमणूक किंवा वारसाने होणारी पदप्राप्ती. गोव्यात ‘अध्यक्ष’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या प्रथा नांदतात. गावाच्या किंवा वाड्याच्या क्लबचा अध्यक्ष सभासदांच्या मतांनी निवडून येतो. राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेल्या व्यावसायिक क्लबांचा अध्यक्ष मात्र मालक कुटुंबातून किंवा कंपनीच्या संचालक मंडळातून येत आला आहे. पहिल्याला लोक सभेत उभे राहून जाब विचारू शकतात. दुसऱ्याचा उल्लेख बोलण्यात पुष्कळदा ‘पात्रांव’ असा होतो. पोर्तुगीजमधून कोकणीत रुळलेल्या या शब्दात धनी, मालक आणि पोशिंदा हे तिन्ही अर्थ एकवटले आहेत.

पदाचा उगम : गोव्यात फुटबॉल 1883 मध्ये शिवोली येथे विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रीने आणला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मुंबई, पुणे, बेळगाव, कराची येथे शिक्षण-नोकरीसाठी गेलेल्या गोमंतकीयांनी सुटीत घरी येताना हा खेळ सोबत आणला, असेही मत आहे. दोन्ही मते एकमेकांना छेद देत नाहीत. प्रस्तुत विषयात मात्र खेळ कोणी आणला यापेक्षा खेळाची संस्था कोणत्या साच्यात घडली, हा प्रश्न मोलाचा आहे.

याबाबत तीन प्रकारची मांडणी आढळते. पहिलीनुसार अध्यक्षपदाचा साचा थेट पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज संघटनांच्या घटनेत तीन अंगे असतात : सर्व सभासदांची ‘आसांब्लेया जेराल’ म्हणजे आमसभा, कारभार पाहणारी ‘दिरेसांव’ म्हणजे कार्यकारिणी आणि हिशेब तपासणारे ‘कोन्सेल्यु फिश्काल’. आमसभेचा अध्यक्ष आणि कार्यकारिणीचा अध्यक्ष या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, ही यातली मर्माची गोष्ट. ज्याच्या कारभाराची झडती घ्यायची त्यानेच सभा चालवू नये, असा त्यामागचा विचार. पोर्तुगीज राजवटीत क्लबच्या घटनेला सरकारी मंजुरी लागत असे. पणजीचा क्लुब वास्को द गामा (1909) यांसारखे जुने सामाजिक क्लब याच परंपरेतले. 1951 मध्ये स्थापन झालेल्या वास्कोतील क्लबचे नावही याच वळणाचे, ‘क्लुब देस्पोर्तिव्हु वास्को द गामा’.

दुसरी मांडणी मुंबई-पुण्याकडे बोट दाखवते. ब्रिटिश हिंदुस्थानातील जिमखाना पद्धतीत अध्यक्ष हा मानाचा धनी असतो आणि सगळा कारभार मानद सचिवाच्या हाती असतो. गोव्यातील पुष्कळ क्लबांत आजही पत्रव्यवहार, खेळाडूंची नोंदणी आणि सामन्याच्या दिवशीची धावपळ सचिवच करतो, हे त्याचे लक्षण सांगितले जाते.

तिसरी मांडणी देशी आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गोमंतकीय माणूस क्लबच्या आधी दोन ठिकाणी अध्यक्ष निवडायला शिकला : गावकरीत (कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) आणि देवस्थानात. कोमुनिदादीच्या 1961 च्या संहितेप्रमाणे प्रशासकीय समितीत अध्यक्ष, ॲटर्नी आणि खजिनदार असतात आणि त्यांची मुदत तीन वर्षांची असते. 1933 च्या देवस्थान नियमनाप्रमाणे (माझानी कायदा) महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्कदार सभासद, आपल्यातून दर तीन वर्षांनी अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार निवडतात आणि त्यावर मामलेदाराची देखरेख असते. ख्रिस्ती वस्तीत हेच वळण चर्चच्या कोंफ्रारियांनी, म्हणजे भाविकांच्या बंधुसंघांनी, लावले. मतदार कोण, थकबाकीदाराला मत आहे का, कुटुंबातून किती जण उभे राहू शकतात, हे वाद गावाने क्लब निघण्याच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या घातले होते.

नोंदकाराला असे वाटते की कागदावरचा आराखडा पोर्तुगीज, रोजच्या कारभाराची सवय जिमखान्याची आणि निवडणुकीतला जीव गावकरी-देवस्थानाचा, अशी ही गुंफण असावी. केवळ पोर्तुगीज उगम मानला तर काणकोण-पेडण्याच्या हिंदू वाड्यांतील क्लबांनी सभेचे नियम इतक्या सहजतेने कसे पेलले, याचा उलगडा होत नाही. त्या लोकांना लुझितानी, म्हणजे पोर्तुगीज, घटना पाठ नव्हती. देवळाच्या चौकात बसून इतिवृत्त वाचून घेणे आणि मागचा हिशेब मागणे मात्र त्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

खाणमालकांचा काळ : पोर्तुगीज अमदानीत फुटबॉलचे नियमन आधी सरकारी क्रीडा परिषदेकडे होते. 1959 मध्ये आजच्या गोवा फुटबॉल संघटनेचा पाया घातला गेला. याच सुमारास खनिज निर्यातीतून आलेला पैसा मैदानावर उतरला. साळगावकर क्लब 1956 चा. धेंपो क्लबची मुळे डिचोलीकडे नेली जातात आणि 1960 च्या दशकात तो धेंपो उद्योगसमूहाच्या छत्राखाली आला, असे दिसते. सेझा गोवा या खाण कंपनीचाही संघ होता. मुक्तीनंतरचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक आणि खेळाचे आश्रयदाते होते. पणजीतील कांपाल मैदानावरील स्टेडियमला त्यांचेच नाव आहे.

या क्लबांत खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे आणि सराव सांभाळून तो ती करी. त्यामुळे क्लब ही सभासदांनी वर्गणी भरून चालवायची संस्था राहिली नाही. ती उद्योगाचा एक विभाग झाली आणि उद्योगाचा प्रमुख ओघानेच क्लबचा प्रमुख झाला. या व्यवस्थेने गोव्याला काय दिले ते आकड्यांत स्पष्ट आहे. साळगावकरने 1988 मध्ये फेडरेशन चषक गोव्यात प्रथमच आणला आणि 1998–99 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. धेंपोने 2004–05 ते 2011–12 या काळात राष्ट्रीय लीग व तिची जागा घेणारी आय-लीग मिळून पाच वेळा विजेतेपद मिळवले. चर्चिल ब्रदर्सने 2008–09 आणि 2012–13 मध्ये, तर साळगावकरने पुन्हा 2010–11 मध्ये आय-लीग जिंकली. 1998–99 ते 2012–13 या पंधरा हंगामांत या तीन क्लबांनी नऊ वेळा देशाचे विजेतेपद आणले. या काळात धेंपो आणि साळगावकर उद्योजक घराण्यांकडे होते, तर चर्चिल ब्रदर्स आलेमांव या राजकीय कुटुंबाकडे. पात्रांवाच्या व्यवस्थेला नावे ठेवताना हे ऋण विसरता येत नाही.

कायदेशीर चौकट : अध्यक्ष कसा निवडायचा हे क्लब कोणत्या कायद्याखाली नोंदला आहे यावर ठरते. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली किमान सात व्यक्ती संस्था स्थापन करू शकतात. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत नव्या व्यवस्थापक मंडळाची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. अध्यक्ष कसा निवडावा हे कायदा सांगत नाही, ते संस्थेच्या घटनेवर सोडले आहे. मतदाराबाबत मात्र मूळ कायद्याचे कलम 15 कडक आहे : ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणनाही होत नाही. क्लबांतील बहुतेक भांडणे या एका ओळीभोवती फिरतात. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एकाच हाताने पन्नास जणांची थकबाकी भरली तर ती ग्राह्य धरावी का, पावतीवरची तारीख खरी की खतावणीतली, यावर सभा रात्रीपर्यंत चालतात.

मुखत्यारपत्राने मत देण्याचा प्रश्नही असाच. कायद्यात त्याचा उल्लेख उद्देशबदल आणि विसर्जन यांच्या संदर्भात येतो. दोन्हींसाठी तीन पंचमांश बहुमत लागते. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत ते चालते की नाही हे घटनेवर अवलंबून. सासष्टी-बार्देशात जिथे घरटी एखादा तारवटी (खलाशी) जहाजावर असतो किंवा कोणी आखातात, विलायतेत असतो, तिथे हा प्रश्न अगदी जिवंत आहे. क्लबला टी-शर्ट आणि बूट पाठवणारा सभासद सभेला नसतो आणि मत मात्र मागतो. ते त्याला मिळायला हवे, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही.

कंपनी अधिनियम, 2013 खाली चित्र उलटे होते. कंपनीच्या क्लबला ‘अध्यक्ष’ असे स्वतंत्र वैधानिक पदच लागत नाही. नमुना नियमावलीप्रमाणे (तक्ता एफ) संचालक मंडळ आपल्या बैठकांपुरता सभापती निवडते आणि त्याची मुदत ठरवते. खाजगी कंपनीच्या सर्वसाधारण सभेला दोन सदस्य प्रत्यक्ष हजर असले तरी गणपूर्ती होते. हजारो लोक ज्या क्लबसाठी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जमतात, त्याचा प्रमुख दोन माणसांच्या सभेतून ठरू शकतो. 2014 मध्ये इंडियन सुपर लीगसाठी उभा राहिलेला एफसी गोवा हा कंपनी स्वरूपाचा क्लब. दत्तराज साळगावकर, श्रीनिवास धेंपो आणि वेणुगोपाल धूत यांच्या मालकीपासून त्याची सुरुवात झाली. पुढे जयदेव मोदी आले आणि अक्षय टंडन अध्यक्ष म्हणून ओळखले जाऊ लागले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब (2021) हाच.

आशियाई महासंघाची क्लब परवाना पद्धती खेळ, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ व प्रशासन, कायदा आणि वित्त अशा पाच निकषांवर क्लब तपासते. अध्यक्ष मतांनी आला की नेमणुकीने, याच्याशी तिला कर्तव्य नाही. क्लबवर ताबा कोणाचा आणि जबाबदार व्यक्ती कोण, एवढे तिला कळावे लागते. राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेतील (2011) वय व मुदतीच्या मर्यादाही राष्ट्रीय क्रीडा संघटनांसाठी होत्या, क्लबांसाठी नव्हे.

गावच्या क्लबची सभा : व्यावसायिक क्लबांचा खेळाडू जिथून येतो त्या क्लबांत निवडणुकीची रीत शाबूत आहे. सभेची नोटीस फळ्यावर लागते, अलीकडे व्हॉट्सॲपवरही येते. ठरल्या वेळी गणपूर्ती नसते म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, आहेत तेवढ्यांत भरते. मागचे इतिवृत्त वाचले जाते. खजिनदार हिशेब मांडतो : स्पर्धेची प्रवेश फी, पंचांचे मानधन, जाळी, चुना, संघाच्या बसचे भाडे. नेमके या चुन्याच्या आणि बसच्या आकड्यांवर प्रश्न येतात, कारण ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. नंतर सूचक आणि अनुमोदक यांच्यासह नावे पुढे येतात. जिथे एकच नाव येते तिथे टाळ्या वाजवून बिनविरोध निवड होते. दोन आली तर वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या केल्या जातात, स्टीलच्या डब्यात टाकल्या जातात आणि दोन्ही गटांचा एकेक माणूस शेजारी बसवून मोजल्या जातात. समान मते पडली तर घटनेप्रमाणे निर्णायक मत किंवा चिठ्ठी. हरलेल्या गटातला एकजण नव्या समितीत घेण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती लिखित नियमाहून अधिक कामाची ठरते, कारण रविवारी संघ एकच उतरवायचा असतो.

निवडून आलेला अध्यक्ष किंवा त्याने पाठवलेला प्रतिनिधी गोवा फुटबॉल संघटनेच्या सर्वसाधारण सभेत क्लबचे मत देतो. त्यामुळे राज्य संघटनेच्या निवडणुकीची बीजे वाड्यावरच्या या चिठ्ठ्यांत असतात. सभासदांत स्त्रिया असल्या तरी अध्यक्षपदी त्या क्वचितच दिसतात. व्यावसायिक क्लबांच्या वर्तुळात चर्चिल ब्रदर्सच्या वालंका आलेमांव हे ठळक नाव असून 2022 मध्ये त्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर निवडून आल्या.

तुलना : ज्या पोर्तुगालमधून क्लबचे साचे आले तिथे मोठ्या क्लबांचे अध्यक्ष आजही सभासद निवडतात. लिस्बनच्या बेन्फिका क्लबात सभासदत्व जितके जुने तितकी मते अधिक. पोर्तो क्लबात 1982 पासून अध्यक्ष असलेले पिंतो द कोश्ता 27 एप्रिल 2024 रोजी आंद्रे व्हिलाश-बोआश यांच्याकडून पराभूत झाले. विजेत्याला सुमारे 80 टक्के मते मिळाली. स्पेनमध्ये 1990 च्या कायद्याने व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावे लागले, परंतु रेआल माद्रिद, बार्सिलोना, अथलेतिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार क्लब सभासदांचेच राहिले. ‘स्पोर्टिंग क्लुब द गोवा’ (1999) या नावात लिस्बनच्या स्पोर्टिंगचा प्रतिध्वनी आहे. नाव आले, सभासदांचे मत मात्र व्यावसायिक क्लबांपर्यंत आले नाही.

मालक मागे हटल्यावर : या त्रुटीची किंमत 2012 नंतर कळली. सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातील खाणी थांबल्या. मध्यंतरी काही सुरू झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च 2018 पासून पुन्हा बंद पडल्या. 2014 मध्ये चर्चिल ब्रदर्सला परवाना निकषांवरून आय-लीगमधून वगळण्यात आले, पुढे 2016–17 च्या हंगामात तो परतला. 2016 मध्ये आय-लीगला दुय्यम ठरवणाऱ्या, देशातील लीगच्या नव्या आराखड्याचा निषेध करून साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी आय-लीग सोडली. आराखडा त्यांच्यावर अन्यायकारक होता, हे म्हणणे पटण्याजोगे आहे. पण पाच वेळा देश जिंकलेला धेंपो सर्वोच्च लीगबाहेर पडावा की नाही, हे विचारायला एकही आमसभा बोलावण्याची गरज नव्हती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिकिटे काढली, मुलांना सरावाला पाठवले आणि भर पावसात वास्कोच्या टिळक मैदानावर उभे राहून सामने पाहिले, त्यांचे नाव कोणत्याच मतदार यादीत नव्हते.