हॉलचं ॲकॉस्टिक्स

स्पीकरमधून निघालेला आवाज भिंती, फरशी, छत यांच्यावर आपटत कानापर्यंत येताना जेवढा बिघडतो तो मोजणं आणि आटोक्यात आणणं, याला हॉलचं ॲकॉस्टिक्स सुधारणं म्हणतात. आपल्याकडचे घरातले हॉल म्हणजे वर स्लॅब, बाजूला प्लॅस्टरच्या भिंती, खाली टाइल्स, आवाज शोषणारं काहीच नाही. रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवून बघा, लगेच कळेल.

घुमणं मोजायची सुरुवात हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वॉलेस सॅबिननी केली. १८९५ साली तिथल्या फॉग म्युझियमचा नवा लेक्चर हॉल इतका घुमायचा की बोललेलं कळेना, मग हा माणूस सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री आणून अंथरायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघायचा. त्यातून सूत्र निघालं: खोलीचे घनमीटर गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (भिंती, फरशी, सामान मिळून किती आवाज खातात ते), की आवाज ६० डेसिबल पडायला लागणारा वेळ मिळतो. घरच्या हॉलला साधारण ०.३ ते ०.५ सेकंद बरे.

आता काम सोपं झालंय. मेजरमेंट माइक, लॅपटॉप आणि रूम ईक्यू विझर्ड हे फुकट सॉफ्टवेअर एवढं पुरतं. माइक सोफ्यावर बसल्यावर कान येतो त्या उंचीला ठेवायचा, पंखा नि एसी बंद करायचा आणि २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा आवाज, वाजवायचा. ग्राफ पहिल्यांदा बघितला की बहुतेकांना धक्काच बसतो, खाली बेसमध्ये १०-१५ डेसिबलचे डोंगर-दऱ्या सहज असतात.

हे डोंगर खोलीच्या मापातून येतात. १५ फूट लांबीच्या खोलीत ३७-३८ हर्ट्झला, १२ फूट रुंदीत ४७ च्या आसपास लाट दोन भिंतींमध्ये अडकते. त्या सुराला खोलीच्या बरोब्बर मध्ये बसलं तर बेस गायब आणि मागच्या भिंतीला सोफा टेकवला तर नुसता धबधबा. खोली चौरस असेल तर दोन्ही मापं एकाच सुरावर येतात, म्हणजे अजूनच वाईट.

आणि इथेच लोक फोम विकत आणून भिंतीला चिकटवतात! ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटरची, दोन इंची फोमला तिचं काही सोयरसुतक नाही, तो फक्त वरचे सूर खातो आणि बेस तसाच घुमत राहतो. अंड्यांचे ट्रे तर विसराच. वरच्या सुरांसाठी जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट यांनी बरंच भागतं, कापसाची गादी भिंतीला उभी करून बघायलाही हरकत नाही. बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा, सोफ्यावरून ज्या जागी स्पीकर दिसेल तिथे शोषण लावायचं.

बेससाठी आधी फुकटचा उपाय म्हणजे सोफा-स्पीकर हलवणं. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवून आपण जमिनीवर रांगत फिरायचं, जिथे बेस नीट वाटेल तिथे सब ठेवायचा (घरचे हसतात, हसू देत). मग कोपऱ्यांत कापडाने झाकलेली जाड रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. ईक्यूने (इक्वलायझर, ठरावीक सूर कमी-जास्त करणारं सेटिंग) डोंगर कापता येतात, दरी मात्र भरत नाही, ६ डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला चौपट पॉवर लागते आणि लाटा तरीही एकमेकींना खोडतच राहतात.

यातल्या कशानेच शेजारच्या फ्लॅटमध्ये जाणारा आवाज थांबत नाही, ते साउंडप्रूफिंग, त्याला जड भिंती आणि बंद फटी लागतात.