जवळून फोटो काढायला फ्लॅश कोणता घ्यावा? (फ्लॅश दुरुस्तीला टाकण्याआधी एकदा वाचा)

पावसाळा सरत आला की आमच्या काउंटरवर एकच तक्रार सुरू होते. "याची पॉवर गेलीय. दहा फुटांवरचा माणूस नीट येतो, पण फुलाचा फोटो काळा." कुणी कास पठारावरून आलेलं असतं, कुणी घरी जुनी नाणी टिपत असतं. कॅमेरा पेंटॅक्स के १०००, यशिका एफएक्स ३, झेनिट ई किंवा निकॉन एफएम २, आणि लेन्सच्या मागे, तिला कॅमेऱ्यापासून पुढे ढकलणारी एक्स्टेंशन ट्यूब (पोकळ नळी) नाहीतर बेलो (घडीचा भाता).

आम्ही फ्लॅश चार्जला लावतो, बराच वेळ तसाच ठेवतो, मग दहा-बारा वेळा फ्लॅश मीटरवर, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्रावर, मारून बघतो. बहुतेक वेळा आकडा चोख येतो. दहा फुटांवरचा माणूस नीट येतो, यातच खरं तर उत्तर आहे. फ्लॅश बिघडलेला नाही, हिशेबातला एक भागाकार राहिलाय. तरीही तपासणीचे १५० रुपये आम्ही घेतो. काही जणांना ते खटकतं. पण महिनोन्महिने पडून असलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) हळूहळू जागा करावा लागतो, त्यात तासभर जातो. तुमचा तो तास आणि ते पैसे वाचावेत म्हणून हे पत्रक.

राहिलेला भागाकार

गाइड नंबर (फ्लॅशच्या जोराचा आकडा) भागिले अंतर म्हणजे अॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान), हे तुम्हाला माहीत आहेच. समजा फ्लॅशचा नंबर १२ आहे (अंतर मीटरमध्ये धरून), रोल १०० आयएसओचा आणि फ्लॅश फुलापासून अर्ध्या मीटरवर. १२ भागिले ०.५ म्हणजे २४. लोक २२ लावतात आणि बटण दाबतात. इथेच रोल वाया जातो.

ट्यूब किंवा बेलो लावला की लेन्स फिल्मपासून लांब जाते. रात्री भिंतीवर टॉर्च मारा आणि दोन पावलं मागे सरका. गोल मोठा होतो आणि फिका पडतो. फिल्मवर तेच होतं. वस्तू जेवढी आहे तेवढीच फिल्मवर उमटत असेल, म्हणजे एकास एक, तर फिल्मवर प्रकाश चौथा हिस्साच पोचतो. पुरे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). निगेटिव्ह पातळ येते, लॅबवाला स्कॅनमध्ये ओढूनताणून उजळवतो आणि सगळीकडे दाणे दिसतात. स्लाइड फिल्मवर तर काहीच हाती लागत नाही. के १००० किंवा एफएम २ च्या आतलं मीटर इथे कामाचं नाही, कारण ते फ्लॅश उडण्याआधीचा उजेड मोजतं.

उपाय शाळेच्या पट्टीत आहे. फोकस झाला की वस्तूच्या जागी पट्टी आडवी धरा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. फ्रेम ३६ मिलिमीटर रुंद असते. ३६ ला त्या आकड्याने भागा आणि त्यात एक मिळवा. ३६ दिसले तर भाजक २, ७२ दिसले तर दीड, ४८ दिसले तर पावणेदोन. गाइड नंबरवरून आलेल्या अॅपर्चरला या भाजकाने भागायचं. वरच्या उदाहरणात एकास एकला २४ चे १२ होतात, म्हणजे ११ च्या किंचित पुढे. २०० चा रोल असेल तर १७ येतात, १६ लावून टाका.

अंतर फ्लॅशच्या काचेपासून वस्तूपर्यंत मोजायचं, कॅमेऱ्यापासून नाही. आम्ही फ्लॅशला सुतळी बांधून तिला ३० आणि ५० सेंटिमीटरवर गाठी मारून देतो. बाहेर वारा सुटलेला असताना टेप काढत बसायला कुणाला वेळ असतो?

एक अपवाद सांगायला हवा. अगदी सुरुवातीची ५५ मिलिमीटर ३.५ मायक्रो निक्कोर ही निकॉनची जवळून फोटो काढायची लेन्स जवळ फोकस करताना स्वतःच अॅपर्चर उघडत जाते. ती निम्म्या आकारापर्यंत वापरत असाल तर हा भाजक लावू नका, फोटो पांढरे येतील.

मोठा की छोटा?

"सगळ्यात पॉवरफुल द्या" असं म्हणणाऱ्यांना आम्ही थोडं थांबवतो. विकायला आमच्याकडे दोन्ही आहेत. ३६ नंबरचा मोठा फ्लॅश ३० सेंटिमीटरवर पूर्ण जोराने मारला तर एकास एकचा हिशेब धरूनही अॅपर्चर ६० येतं. असं अॅपर्चर तुमच्या लेन्सवर नसतं. ऑटोवर टाकून भागत नाही. ऑटोचा डोळा फ्लॅशवर असतो, तो बहुतेक वेळा फुलाच्या वरून पाहतो, आणि लेन्स किती पुढे आलीय याचा त्याला पत्ता नसतो. मोठाच हवा असेल तर जोर हाताने कमी करता येणारा घ्या. व्हिविटार २८५ वर सोळाव्या हिश्शापर्यंत उतरता येतं, तेव्हा त्याचा नंबर ३६ वरून ९ होतो आणि तो कामाला येतो. नाहीतर १० ते १४ नंबरचा साधा मॅन्युअल फ्लॅश पुरतो. तो हलका असतो आणि दोन पेन्सिल सेलवर चालतो. फक्त तो हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत) ठेवू नका, उजेड फुलाच्या डोक्यावरून जातो आणि लेन्सची सावली पडते ती वेगळीच. सिंक कॉर्डवर (कॅमेऱ्याला जोडणाऱ्या तारेवर) घेऊन लेन्सच्या टोकाशी, थोडा वर आणि बाजूला धरा.

लेन्सभोवती बसणारा गोल रिंग फ्लॅश बरेच जण मागतात. दातांच्या डॉक्टरांना आम्ही तोच देतो, कारण तोंडाच्या आत सावली नकोच असते. नाण्यांवाल्यांना मात्र देत नाही. शिवराई घ्या. घासून घासून अक्षरं जेमतेम उरलेली असतात. रिंग फ्लॅशमध्ये ती तांब्याची सपाट चकती दिसते. छोटा फ्लॅश टेबलालगत आडवा धरून मारला की 'श्री राजा शिव' च्या प्रत्येक रेघेला एका बाजूला सावली येते आणि नाणं वाचता येतं. कासच्या दवबिंदू या किडे खाणाऱ्या रोपाचंही तसंच. त्याच्या चिकट थेंबांत चमक बाजूच्या उजेडानेच भरते. तिथे पहाटे किंवा सावलीत काम करा. भर उन्हात फ्लॅशबरोबर उन्हाचीही प्रतिमा उमटते आणि वाऱ्याने कडा दुहेरी येतात.

शटरच्या वेगाचं थोडक्यात. झेनिट ई वर १/३०, के १००० वर १/६०, एफएक्स ३ वर १/१२५ याच्या वर गेलात तर फ्रेमची एक बाजू काळी येणारच. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवर कॉर्ड एक्सच्या भोकात घाला, एफपीच्या नाही (एफपी आणि एम जुन्या बल्बच्या फ्लॅशसाठी असतात). यशिका मॅटसारख्या कॅमेऱ्यावर खटका एम वर राहिला तर शटर उघडण्याआधीच फ्लॅश उडून जातो आणि रोल कोरा येतो. जुना फ्लॅश घरी उघडू नका, सेल काढल्यावरही आत तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात.

आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक जुन्या फ्लॅशच्या पाठीवर आम्ही मीटरवर स्वतः मोजलेला नंबर चिकटवतो. कंपनीने छापलेला नंबर बहुधा थोडा फुगवलेला असतो, आणि इतक्या जवळ अर्ध्या स्टॉपनेही फरक पडतो. म्हणून आमचा फ्लॅश बाजारभावापेक्षा थोडा महाग वाटेल. त्यात तपासलेली कॉर्ड, धरायचा ब्रॅकेट आणि गाठीची सुतळी येते. पहिल्या रोलवर एकाच फुलाचे हिशेबाच्या अर्धा स्टॉप वर, बरोबर आणि अर्धा स्टॉप खाली असे तीन फोटो काढा, आकडे वहीत लिहा आणि निगेटिव्ह घेऊन या. लाइट बॉक्सवर एकत्र बघून तुमच्या लेन्ससाठी फ्लॅशचा नंबर पक्का करून देऊ, त्याचे पैसे नाहीत.

फ्लॅश घ्यायला येताना कॅमेरा, लेन्स आणि ट्यूब बरोबर आणा. आणि पट्टीवर किती मिलिमीटर दिसले, तो आकडा.